भिल्लांची शिकारी तिरंदाजी

भिल्लांची शिकारी तिरंदाजी ही बांबूच्या साध्या धनुष्याने जवळच्या अंतरावरून लक्ष्य वेधण्याची पारंपरिक कला होय. महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्हा, त्याला लागून असलेली गुजरात व मध्य प्रदेश ही राज्ये आणि राजस्थान येथील भिल्ल समाजात ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या धनुष्यबाणाला बोलीत ‘तीरकामठा’ असेही म्हणतात. अन्न मिळवणे, पिकांची राखण आणि स्वसंरक्षण हे तिचे मूळ उपयोग होते.

भारतात वन्यप्राण्यांची शिकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये दंडनीय आहे. त्यामुळे या कलेचा मूळ उद्देश आज कायद्याने बंद झाला आहे. सुरक्षित जागी निर्जीव लक्ष्यावर बाण मारण्याचा सराव मात्र शिकार ठरत नाही. अंतराचा अचूक अंदाज, पहिल्याच बाणाची खात्री आणि खात्री नसेल तर बाण न सोडण्याचा संयम ही या सरावाची मुख्य अंगे आहेत. ती आजच्या क्रीडा तिरंदाजीतही उपयोगी पडतात.

नाव आणि संज्ञा

‘भिल्ल’ हा शब्द द्राविड भाषांतील धनुष्यवाचक शब्दापासून आला, असे अनेक अभ्यासक मानतात. तमिळमध्ये धनुष्याला ‘विल्’, कन्नडमध्ये ‘बिल्लु’ आणि तेलुगूत ‘विल्लु’ म्हणतात. ही व्युत्पत्ती मान्य केल्यास एका समाजाचे नावच त्याच्या हत्यारावरून पडले, असा अर्थ होतो. अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागर’ या सोमदेवाच्या संस्कृत ग्रंथात भिल्लांचा उल्लेख आढळतो.

मराठीत धनुष्याच्या ताणलेल्या दोरीला प्रत्यंचा, बाण ठेवण्याच्या पिशवीला किंवा नळीला भाता, तर बाणाच्या मागील टोकाला दोरीत बसण्यासाठी केलेल्या चिरेला खाच म्हणतात. शिकारीच्या संदर्भात दबा धरणे (लपून वाट पाहणे), मचाण (झाडावरील बैठक) आणि हाका घालणे (आवाज करून जनावर एका दिशेने हुसकणे) या संज्ञा प्रचलित आहेत.

प्रदेश आणि समाज

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन करून निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा नदी आहे, तर मध्य भागातून तापी वाहते. उत्तरेकडील धडगाव (अक्राणी) व अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या डोंगररांगांत वसले आहेत. दक्षिणेकडील नवापूर तालुक्यात सह्याद्रीच्या उत्तर टोकाचे डोंगर येतात.

विसरवाडी हे नवापूर तालुक्यातील गाव सुरत–धुळे महामार्गावर असून येथून नंदुरबारकडे जाणारा रस्ता फुटतो. गावाजवळून महामार्ग कोंडाईबारी घाटाकडे जातो. घाटातील उतार, ओढ्यांच्या घळी आणि झुडपी जंगल अशा भूभागात नजरेचा टप्पा मुळातच कमी असतो. लांब पल्ल्याच्या धनुष्यापेक्षा हलके, पटकन उचलता येणारे आणि जवळून मारा करणारे धनुष्य अशा ठिकाणी अधिक सोयीचे ठरते.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्ल या नोंदीखाली तडवी, पावरा, वसावा, वसावे इत्यादी गटांचा समावेश होतो. नवापूर परिसरातील गावित, मावची, गामित व पाडवी यांची नोंद स्वतंत्र आहे. कोकणा समाजही येथे मोठ्या संख्येने राहतो. धनुष्यबाण या शेजारी समाजांच्याही परिचयाचा आहे. मात्र त्याची ओळख सर्वाधिक जोडली गेली ती भिल्लांशी.

धनुष्य आणि बाण

आर. व्ही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात भिल्लांच्या हत्याराचे वर्णन आले आहे. त्यानुसार धनुष्य बांबूचे असे आणि त्याची दोरीही बांबूच्याच लवचीक सालीच्या पातळ पट्टीची असे. भाता बांबूच्या मजबूत विणकामाचा, तर बाण सुमारे एक यार्ड, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या आसपास लांब असत. लोखंडी टोके दोन प्रकारची होती : सुरीसारखी चपटी व धारदार, आणि खिळ्यासारखी गोल. पक्षी पाडण्यासाठी गाठीसारख्या बोथट डोक्याचे वेगळे बाण वापरत.

या वर्णनातून साहित्याची निवड स्पष्ट होते. सातपुडा व खानदेशाच्या कोरड्या पानगळी जंगलात मानवेल हा बांबू आढळतो. त्याचे पेर जाड भिंतीचे, कित्येकदा जवळजवळ भरीव असते. त्यामुळे तो चिरून, तासून वाकवला तरी सहज मोडत नाही. बाहेरील सालीकडचा भाग ताण सहन करतो आणि आतील भाग दाब सहन करतो. धनुष्य, दोरी आणि भाता या तिन्ही वस्तू एकाच वनस्पतीपासून होत असल्याने दुरुस्ती रानातच करता येई. बाहेरून आणावे लागे ते फक्त लोखंडी टोक.

बाणाच्या मागील भागातील पिसे वाऱ्याचा अवरोध वाढवतात आणि बाणाचे शेपूट मागेच राखतात. पिसे नसलेला किंवा ओली पिसे असलेला बाण हवेत डोलतो. बाणाच्या काडीचा ताठपणाही तितकाच महत्त्वाचा असतो. दोरी सुटताच बाण क्षणभर वाकतो आणि धनुष्याच्या मुठीला वळसा घालून पुन्हा सरळ होतो. काडी फार लवचीक असेल तर बाण एका बाजूला जातो, फार ताठ असेल तर दुसऱ्या. म्हणून एका धनुष्याला जुळणारे, शक्य तितके सारख्या वजनाचे व सारख्या ताठपणाचे बाण निवडणे ही सरावाची पहिली पायरी ठरते.

इतिहास

महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्याची कथा या परंपरेच्या केंद्रस्थानी आहे. निषादराज हिरण्यधनूचा हा पुत्र द्रोणाचार्यांच्या मातीच्या मूर्तीसमोर एकट्याने सराव करून निष्णात धनुर्धर झाला आणि गुरुदक्षिणा म्हणून त्याने उजव्या हाताचा अंगठा दिला, अशी ही कथा आहे. भिल्ल समाज एकलव्याला आपला पूर्वज मानतो. त्याच्या स्मरणार्थ भिल्ल तिरंदाज बाण ओढताना अंगठा लावत नाहीत, तर्जनी व मधले बोट यांचाच उपयोग करतात, असे सांगितले जाते. तंत्राच्या दृष्टीने पाहता अंगठ्याविना दोरी ओढण्याची पद्धत जगाच्या अनेक भागांत रूढ आहे. आधुनिक ऑलिंपिक तिरंदाजही तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांनीच दोरी ओढतात. अंगठ्याने दोरी ओढण्याची पद्धत प्रामुख्याने मध्य व पूर्व आशियातील घोडेस्वार तिरंदाजांत विकसित झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खानदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आल्यानंतर भिल्लांचे अनेक उठाव झाले. डोंगरातील अरुंद वाटांवर दबा धरून बाणांचा मारा करणाऱ्या टोळ्यांना आवरणे कवायती फौजेला अवघड गेले. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या अधिकाऱ्याने धरणगाव येथे खानदेश भिल्ल पलटणीची उभारणी सुरू केली. त्याने भिल्लांसोबत शिकारीला जाऊन त्यांचा विश्वास संपादन केल्याचे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. पलटणीत दाखल झालेल्यांच्या हाती बंदूक आली. तरीही १८५७–५८ च्या उठावात खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या अनुयायांकडे बंदुकांबरोबर धनुष्यबाण होतेच.

१८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव जंगलांत शिकारीवर निर्बंध घालण्याचे अधिकार सरकारला मिळाले. संस्थानिक व ब्रिटिश अधिकारी यांच्यासाठी शिकार हा मान्यताप्राप्त छंद राहिला. जंगलात राहणाऱ्यांची पोटापुरती शिकार मात्र गुन्ह्याच्या व्याख्येत जाऊ लागली.

सरावाची तत्त्वे

शिकारीसाठीचा सराव आणि मैदानी स्पर्धेचा सराव यांत मूलभूत फरक आहे. स्पर्धेत अंतर ठरलेले, जमीन सपाट आणि बाण अनेक असतात. रानात अंतर अज्ञात, उभे राहण्याची जागा अडचणीची आणि बाण बहुधा एकच असतो. पुढील तत्त्वे साध्या धनुष्याच्या सर्वच परंपरांत समान आहेत.

पवित्रा आणि ओढ : सुरुवातीला पाय खांद्याइतके अंतर ठेवून लक्ष्याला काटकोनात उभे राहतात. धनुष्याचा हात सरळ, पण कोपर किंचित सैल ठेवतात. दोरी ओढणारा हात दर वेळी चेहऱ्यावरील एकाच जागी, उदाहरणार्थ ओठांच्या कोपऱ्याशी किंवा हनुवटीखाली, आणून टेकवला जातो. ही जागा बदलली की ओढीची लांबी बदलते आणि बाणाचा वेगही बदलतो. ओढ हाताच्या नव्हे, तर पाठीच्या स्नायूंनी घेतली जाते. नवशिक्याने हलक्या धनुष्यापासून आरंभ करणे हिताचे असते. जड धनुष्य ओढताना हात थरथरला तर नेमाची चुकीची सवय पक्की होते.

नेम : बांबूच्या धनुष्यावर नेमकाटा नसतो. नजर लक्ष्यातील एका लहानशा बिंदूवर स्थिर ठेवून, बाणाच्या टोकाकडे थेट न पाहता, पूर्वानुभवाने धनुष्य उचलले जाते. चेंडू फेकताना हात आपोआप अंतर साधतो, तसेच हे घडते. यासाठी पुनरावृत्तीला पर्याय नाही. रोज थोडे बाण, पण प्रत्येक बाण पूर्ण लक्ष देऊन, हा क्रम एका दिवशी शंभर बाण मारून हात थकवण्यापेक्षा उपयुक्त ठरतो.

अंतराचा अंदाज : साध्या धनुष्याने नेम चुकण्याचे प्रमुख कारण अंतराचा चुकलेला अंदाज हे असते. बाणाचा वेग सेकंदाला ४५ मीटर मानला आणि हवेचा अवरोध सोडून दिला, तर १० मीटर जाईपर्यंत बाण सुटलेल्या रेषेखाली सुमारे २४ सेंटिमीटर पडतो. २० मीटरवर ही पड सुमारे ९७ सेंटिमीटर, तर ३० मीटरवर २ मीटर १८ सेंटिमीटर होते. अंतर दुप्पट झाले की पड चौपट होते. लक्ष्य २० मीटरवर आहे असे समजून नेम धरला आणि ते प्रत्यक्षात २५ मीटरवर असले, तर बाण सुमारे ३० सेंटिमीटर खाली लागतो. हीच ५ मीटरची चूक १० ऐवजी १५ मीटरवर झाली, तर बाण सुमारे १८ सेंटिमीटर खाली लागतो. म्हणून कुशल शिकारी जोर वाढवण्याऐवजी अंतर कमी करण्याचा प्रयत्न करतो. अंदाज पक्का करण्यासाठी चालता चालता एखादा दगड किंवा खुंट पाहून अंतर मनाशी ठरवणे आणि मग पावले मोजून पडताळणे, हा धनुष्याशिवायही करता येणारा सराव आहे.

उतारावरील नेम : चढावर किंवा उतारावर बाण मारताना पड ठरते ती तिरप्या अंतरावरून नव्हे, तर मुख्यतः आडव्या अंतरावरून. ३० अंशांच्या उतारावर २० मीटर दूर असलेल्या लक्ष्याचे आडवे अंतर सुमारे १७ मीटर असते. त्यामुळे वर आणि खाली अशा दोन्ही दिशांना नेम किंचित खाली धरावा लागतो. मचाणावरून सराव करताना कमरेतून वाकणे आणि हात व खांद्यांचा परस्परकोन न बदलणे महत्त्वाचे असते.

अडचणीची बैठक : गुडघ्यावर बसून, एका बाजूला वळून, झाडाच्या आडून अशा स्थितींत धनुष्याचे खालचे टोक जमिनीला किंवा फांदीला आपटू शकते. अशा प्रत्येक स्थितीचा स्वतंत्र सराव करावा लागतो. वाटेतील लहानशी काडीही बाणाची दिशा पूर्ण बदलते. त्यामुळे लक्ष्याबरोबर मधली मोकळी वाट पाहण्याची सवय लावली जाते.

आवाज : हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. २० मीटरवर दोरीचा आवाज ०.०६ सेकंदात पोहोचतो, तर वरील वेगाच्या बाणाला ०.४४ सेकंद लागतात. मधल्या सुमारे ०.४ सेकंदात सावध जनावर दबते किंवा उडी घेते. नेम अचूक असूनही बाण चुकण्याचे हे एक कारण आहे. सावध झालेल्या जनावरावर बाण न सोडण्याचा नियम यातूनच आला.

पहिला बाण : पाच-दहा बाणांनंतर हात सैलावतो आणि नेम जुळतो. रानात ही संधी नसते. म्हणून दिवसाच्या सुरुवातीला, कोणतीही पूर्वतयारी न करता एकच बाण मारून त्याचा निकाल लक्षात ठेवणे, हा शिकारी सरावाचा कठोर भाग समजला जातो. वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या अंतरांवर एकेक बाण मारत फिरणे ही त्याचीच पुढची पायरी होय. कुजलेला ओंडका, मातीचा ढिगारा, गवताची पेंढी ही यासाठी योग्य लक्ष्ये होत. बोथट डोक्याचे बाण जमिनीत किंवा लाकडात रुतत नाहीत, त्यामुळे ते पुन्हा वापरता येतात. जिवंत झाडांवर टोकदार बाण मारल्यास झाड आणि बाण दोहोंचे नुकसान होते.

मर्यादेचा नियम

बाण गोळीप्रमाणे आघाताने मारत नाही. धारदार पात्याने रक्तवाहिन्या कापल्या जाऊन रक्तस्रावाने प्राण्याचा मृत्यू होतो. बाण फुप्फुस व हृदयाच्या भागात लागला तर मृत्यू लवकर येतो. पोटात, पायात किंवा पाठीत लागला तर जनावर जखमी अवस्थेत दूर निघून जाते आणि अनेकदा तासन्‌तास किंवा काही दिवस यातना भोगून मरते.

या कारणाने शिकारी तिरंदाजीत कौशल्याचे माप ‘जास्तीत जास्त किती लांब बाण जातो’ हे नसते. प्रत्येक बाण जेवणाच्या लहान ताटलीएवढ्या, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात न चुकता लागेल, ते अंतर म्हणजे त्या तिरंदाजाची मर्यादा होय. ही मर्यादा सपाट मैदानावर मोजलेली असते. रानात थकवा, वारा आणि घाई यांमुळे ती आणखी घटते. जनावर आडवे उभे असताना किंवा किंचित पाठमोरे असतानाच बाण सोडणे, समोरून किंवा धावत्या जनावरावर न सोडणे, बाण लागल्यावर लगेच मागे न धावता थांबणे आणि मग रक्ताच्या खुणांवरून माग काढणे, हे नियम जगभरातील शिकारी तिरंदाजांत सारखेच आढळतात. या सर्वांचा सार असा, की सरावाचा मोठा भाग बाण केव्हा सोडू नये हे शिकवतो.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीची व्याख्या व्यापक आहे. प्राण्याला ठार करणे, पकडणे, सापळा लावणे, जखमी करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सर्व तीत येते. हत्यार बंदूक आहे की धनुष्य, याने फरक पडत नाही. मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाना देण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपुष्टात आली. लहान प्राण्यांची शिकार चालते, हा समजही चुकीचा आहे. ससा, तितर व लावा यांनाही कायद्याच्या अनुसूचीत संरक्षण दिले गेले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली.

पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या शिकारीस ३ ते ७ वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. गुन्ह्यात वापरलेले हत्यार शासनजमा होते. अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन प्रवेश करणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे तेथे केवळ सरावासाठी धनुष्य नेणेही कायद्याच्या विरोधात जाते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या प्राणरक्षणासाठी सद्‌हेतूने केलेली कृती मात्र गुन्हा मानली जात नाही.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याने वनोपज, चराई, मासेमारी इत्यादी पारंपरिक हक्कांना मान्यता दिली. परंतु इतर पारंपरिक हक्कांना मान्यता देणाऱ्या कलमातून शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला आहे. त्याच कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. परिणामी हक्कधारक वननिवासी धनुष्यासाठी लागणारा बांबू वनातून कायदेशीररीत्या गोळा करू शकतो, मात्र त्या धनुष्याने त्याच वनात ससाही मारू शकत नाही.

क्रीडा तिरंदाजीशी संबंध

भारतीय तिरंदाजी संघाची स्थापना १९७३ मध्ये झाली. राष्ट्रीय स्पर्धांत रिकर्व्ह व कंपाउंड या आंतरराष्ट्रीय प्रकारांखेरीज ‘इंडियन राउंड’ हा देशी प्रकारही खेळला जातो. त्यात बांबूच्या किंवा लाकडी साध्या धनुष्याने ५० व ३० मीटर अंतरावरून बाण मारतात. साहित्य स्वस्त असल्याने ग्रामीण व आदिवासी भागातील मुलांना क्रीडा तिरंदाजीत येण्याचा हा सर्वांत सुलभ मार्ग आहे.

शिकारी कौशल्यातून क्रीडाक्षेत्रात आलेल्या खेळाडूंचे ठळक उदाहरण म्हणजे राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यातील अहारी जमातीचे लिंबाराम. बालपणी ते बांबूच्या धनुष्याने रानात पक्ष्यांची शिकार करीत. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या विशेष क्षेत्र योजनेच्या निवड चाचणीतून त्यांची निवड झाली. पुढच्याच वर्षी ते सोल ऑलिंपिकमध्ये खेळले. १९९२ व १९९६ च्या ऑलिंपिकमध्येही त्यांनी भाग घेतला. १९९२ मध्ये बीजिंग येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी ३६० पैकी ३५८ गुण मिळवून तत्कालीन विश्वविक्रमाशी बरोबरी केली. त्यांना १९९१ चा अर्जुन पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला.

मात्र हे संक्रमण आपोआप होत नाही. ऑलिंपिकमधील रिकर्व्ह प्रकारात अंतर ७० मीटर असते आणि लक्ष्यपत्राचा व्यास १२२ सेंटिमीटर असतो. धनुष्याला नेमकाटा व तोल राखणारे दांडे जोडलेले असतात. शिकारी तिरंदाजाची अंतर ओळखण्याची हातोटी येथे कामास येत नाही, कारण अंतर बदलतच नाही. उपयोगी पडतात ते एकाग्रता, शांत श्वास आणि दोरी स्वच्छपणे सोडण्याची सवय. महाराष्ट्रात कंपाउंड प्रकाराने अलीकडे मोठे यश पाहिले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांनी वैयक्तिक विजेतेपदे मिळवली.

शिकारी परंपरेला अधिक जवळचे असे दोन प्रकार जागतिक तिरंदाजी महासंघाने मान्य केले आहेत. ‘फील्ड’ तिरंदाजीत खेळाडू रानातील किंवा डोंगरातील मार्गावर फिरत २४ लक्ष्ये वेधतात. त्यांतील काही लक्ष्यांचे अंतर जाहीर केलेले नसते. ‘थ्रीडी’ तिरंदाजीत फोमच्या, प्राण्यांच्या आकाराच्या प्रतिकृती वापरतात आणि सर्वच अंतरे अज्ञात असतात. साध्या धनुष्यांसाठी कमाल अंतर ३० मीटर असते. चढउतार, झाडी, अपुरा प्रकाश आणि अंतराचा अंदाज ही शिकारीतील सर्व आव्हाने येथे राहतात. प्राणी तेवढा वगळला जातो.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत धनुष्याने शिकार अनेक राज्यांत परवाना घेऊन, ठरावीक हंगामात करता येते. तेथील आधुनिक शिकारी तिरंदाजीचा उगम एका आदिवासी शिकाऱ्याशी जोडलेला आहे. याही जमातीचा अखेरचा ज्ञात सदस्य इशी याच्याकडून डॉ. सॅक्सटन पोप यांनी धनुष्य घडवणे व माग काढणे शिकून घेतले. इशीचा मृत्यू १९१६ मध्ये झाला. पोप यांचा या विषयावरील ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात धनुष्यासाठी स्वतंत्र शिकारी हंगाम सुरू झाला. काही राज्यांत परवान्याआधी प्रशिक्षण पूर्ण करणे बंधनकारक आहे. याउलट ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण क्षेत्र कायद्याने धनुष्याने वन्यप्राणी मारण्यास मनाई केली आहे.

सुरक्षितता

सरावाच्या जागेमागे मातीचा उंच बांध किंवा टेकडीचा उतार असावा आणि त्यापलीकडे वस्ती, पायवाट किंवा चरणारी जनावरे नसावीत. बाण आकाशाकडे कधीही सोडू नये. बाण न लावता दोरी ओढून सोडल्यास धनुष्य तडकू शकते. प्रत्येक वेळी बाणाची काडी हलकेच वाकवून चीर गेली आहे का हे पाहावे, कारण तडकलेला बाण सुटताना मोडून धनुष्याच्या हातात घुसू शकतो. सर्वांचे बाण मारून झाल्याशिवाय कोणीही लक्ष्याकडे जाऊ नये. लहान मुलांनी बोथट टोकाचे बाण आणि मोठ्यांची देखरेख यांशिवाय सराव करू नये.

सद्यस्थिती

नंदुरबार जिल्ह्यात धनुष्यबाण आज प्रामुख्याने सण, मिरवणुका आणि स्पर्धांमधून दिसतो. सातपुड्यातील होळीच्या उत्सवांत, विशेषतः अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील प्रसिद्ध होळीत, पारंपरिक वेशभूषेबरोबर हत्यारेही मिरवली जातात. ९ ऑगस्ट रोजी जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकांत तीरकामठा हे समाजाच्या ओळखीचे चिन्ह असते. आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालये नंदुरबार व तळोदा येथे असून त्यांच्या अखत्यारीतील आश्रमशाळांतून क्रीडा स्पर्धा घेतल्या जातात.

मिरवणुकीतील धनुष्याला बाण सोडावा लागत नाही. त्यामुळे वस्तू टिकली तरी कौशल्य टिकेलच असे नाही. योग्य पेराची निवड, बांबू केव्हा तोडावा व किती वाळवावा याची जाण, सालीची दोरी काढण्याची रीत आणि पावलांनी पडताळलेला अंतराचा अंदाज हे ज्ञान लिखित नसून हाताने दिले-घेतले जाते. ज्या हातांनी ते घेतले त्यांच्या सोबतच ते संपण्याचा संभव असतो. इंडियन राउंड, फील्ड व थ्रीडी हे प्रकार या ज्ञानाला शिकारीविना सरावाचे कारण पुरवू शकतात, कारण त्यांत बाण प्रत्यक्ष सोडावा लागतो आणि तो चुकल्यास कळते.